एस-३०, एम-३०, पिठीसाखर की खडीसाखर? गार सरबताच्या दृष्टीने साखरेच्या दाण्याचा आढावा

साखर घेताना बहुतेक घरांत भाव आणि पांढरेपणा पाहिला जातो, दाण्याचा आकार क्वचितच विचारला जातो. गार पाण्यात करायच्या पदार्थांसाठी मात्र तोच सर्वांत आधी विचारावा, असे माझे मत आहे. पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार विभागातल्या एका दुकानातून सुटी घेतलेली एस-३० आणि एम-३० साखर, तिथलीच खडीसाखर, बंद पाकिटातली पिठीसाखर आणि घरी मिक्सरमध्ये फिरवून चाळलेली बारीक साखर यांचा हा आढावा त्याच दृष्टीने लिहिला आहे. निष्कर्ष आधीच सांगतो : लिंबाच्या, कोकमाच्या किंवा कैरीच्या गार सरबतासाठी एम-३० पेक्षा एस-३० उजवी आहे, आणि एस-३० घरी थोडी फिरवून चाळून घेतली तर तिच्याइतकी सोयीची साखर बाजारात सहसा मिळत नाही. चहा, खीर आणि पाकासाठी मात्र यांतली कोणतीही दाणेदार साखर चालते आणि तिथे जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

या अक्षरांचा आणि आकड्यांचा अर्थ अनेक ग्राहकांना ठाऊक नसतो, म्हणून थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. एस म्हणजे लहान दाणा, एम म्हणजे मध्यम आणि एल म्हणजे मोठा. पुढचा ३० किंवा ३१ हा आकडा रंगाची प्रत सांगतो, त्याचा दाण्याच्या आकाराशी संबंध नाही. कारखान्यात साखर वाळल्यानंतर ती हलत्या चाळण्यांवरून जाते आणि तिथे तिची प्रतवारी होते. ढोबळमानाने ०.६ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारा दाणा एस, १.१८ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारा एम आणि १.७ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारा एल असे हे गणित आहे. या प्रतींचे प्रमाण नमुने कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेकडून दिले जातात. शुद्धतेच्या दृष्टीने एस आणि एम यांत फरक नाही, दोन्हींत ९९.५ टक्क्यांहून अधिक सुक्रोज असते आणि दोन्ही एकाच कढईतून, म्हणजे कारखान्याच्या भाषेत एकाच पॅनमधून, निघू शकतात. तरीही एम-३० चा भाव बहुधा थोडा वरचा असतो, कारण मोठा चकचकीत दाणा ग्राहकाला अधिक चांगला वाटतो. तो अधिक गोड असतो ही समजूत खरी नाही. वजन सारखे असेल तर गोडीही सारखीच.

आता मुख्य परीक्षा. साध्या माठातल्या पाण्याच्या पेल्यात सारख्या वजनाची साखर टाकून सारख्याच गतीने ढवळले, तर एस-३० आणि एम-३० यांतला फरक घड्याळाशिवायही कळतो. एस-३० चा तळ स्वच्छ होतो तेव्हा एम-३० चे दाणे पेल्याच्या तळाशी अजून फिरत असतात. फ्रिजमधल्या पाण्यात हा फरक आणखी लांबतो. एम-३० घातलेले लिंबू सरबत भराभर ढवळून वाढले, तर पहिले घोट आंबट आणि शेवटचा घोट पाकासारखा, असा अनुभव हमखास येतो. घरी फिरवून चाळलेली साखर मात्र चमचा चार-दोनदा फिरेपर्यंत दिसेनाशी होते. खडीसाखरेचा मध्यम खडा तेवढ्या वेळात जेमतेम कोपरे गमावतो. पाकिटातल्या पिठीसाखरेची कथा वेगळी आहे आणि तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत बारीक असूनही गार पाण्यात ती नेहमी पहिली येत नाही.

असे का होते, हे समजून घेतले तर दुकानात निवड करणे सोपे जाते. साखर पाण्यात जाते ती फक्त दाण्याच्या पृष्ठभागावरून. दाण्याच्या पोटातल्या साखरेला पाणी दिसतच नाही. म्हणून ठरावीक वजनाच्या साखरेचा एकूण किती पृष्ठभाग पाण्याला भिडतो, यावर वेग ठरतो. साखरेचा दाणा घनाकार धरून हिशेब केला तर १० ग्रॅम साखरेचा एक सेंटिमीटर बाजूच्या खड्यांत मिळून पृष्ठभाग सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर भरतो. तीच साखर १.२ मिलिमीटरच्या दाण्यांत असेल तर तो सुमारे ३१५, आणि ०.६ मिलिमीटरच्या दाण्यांत असेल तर सुमारे ६३० चौरस सेंटिमीटर होतो. दाणा ०.०५ मिलिमीटरपर्यंत दळला तर हाच आकडा साडेसात हजारांच्या वर जातो. बाजू निम्मी केली की पृष्ठभाग दुप्पट, हा नियम सरळ आहे. एस आणि एम यांत ढोबळमानाने तेवढाच फरक आहे.

पृष्ठभागाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे दाण्याला चिकटून असलेला पाण्याचा पातळ थर. या थरात साखर गच्च भरलेली असते आणि तिथून ती बाहेरच्या मोकळ्या पाण्यात हळूहळू पसरत जाते. ढवळल्याने हा थर पातळ होतो, म्हणून वेग वाढतो. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आर्थर नॉयस आणि विलिस व्हिटनी या रसायनशास्त्रज्ञांनी १८९७ मध्ये या प्रक्रियेचा नियम मांडला : संपृक्त, म्हणजे आणखी काही विरघळू न शकणाऱ्या, द्रावणातले प्रमाण आणि प्रत्यक्ष द्रावणातले प्रमाण यांत जितके अंतर, तितका विरघळण्याचा वेग जास्त. त्यांनी प्रयोगासाठी बेंझोइक आम्ल आणि लेड क्लोराइड यांच्या कांड्या वापरल्या होत्या आणि प्रयोग चालू असताना कांडीचा पृष्ठभाग जवळपास सारखा राहील अशी काळजी घेतली होती, कारण पृष्ठभाग बदलला की वेग बदलतो हे त्यांना बाजूला ठेवायचे होते. स्वयंपाकघरात आपण त्याच्या उलट करतो. साखर, पाणी आणि चमचा तेच ठेवून केवळ पृष्ठभाग वाढवतो. पुढे १९३१ मध्ये हिक्सन आणि क्रोवेल या संशोधकांनी दाणा झिजत जाताना त्याचा पृष्ठभागही कमी होत जातो हे हिशेबात घेतले. त्यांच्या सूत्रानुसार, इतर सर्व गोष्टी सारख्या असतील तर दाणा पूर्ण विरघळण्यास लागणारा वेळ त्याच्या मूळ आकाराच्या प्रमाणात असतो, म्हणजे अर्ध्या आकाराच्या दाण्याला अर्धा वेळ पुरतो.

यातून खरेदीच्या दृष्टीने एक गोष्ट निघते आणि ती मला सरासरी आकारापेक्षाही मोलाची वाटते. सरबत तयार झाले की नाही हे साखरेतला सर्वांत मोठा दाणा ठरवतो. नव्वद टक्के दाणे क्षणात विरघळले आणि उरलेले दहा टक्के जाड असले, तर तळाशी कचकच राहतेच. प्रतवारीच्या नियमांतही थोडा वेगळ्या आकाराचा दाणा मिसळलेला चालतो, त्यामुळे एकाच प्रतीच्या दोन पोत्यांतली साखर हुबेहूब सारखी नसते. म्हणून सुटी साखर घेताना मूठभर साखर काळ्या कागदावर पसरून दाणा एकसारखा आहे का ते पाहावे. मी ज्या दुकानातून साखर घेतो तिथे हे पाहू देतात, पोत्यावरची प्रत आणि हंगाम विचारल्यास दाखवतात, आणि एस मागितली असता एम बरी म्हणून गळ्यात मारत नाहीत. त्या दुकानाविषयी माझे मत चांगले होण्यास एवढे पुरेसे आहे.

पाणी गार असताना साखर विरघळत नाही म्हणजे पाण्याची साखर घेण्याची क्षमता संपली, असा समज पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. तो तपासून पाहण्यासारखा आहे. वीस अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते आणि शून्य अंशाजवळही सुमारे १८० ग्रॅम. पेल्याभर सरबतात आपण घालतो ती दोन-तीन चमचे साखर या क्षमतेच्या जवळपासही जात नाही. अडचण क्षमतेची नसून वेगाची आहे. पाच अंशांचे पाणी नव्वद अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे पाचपट चिकट असते, त्यातून साखर पसरण्यासही अधिक वेळ लागतो, आणि त्यात भर म्हणून साखरेचे जड द्रावण तळाशी बसून राहते व उरलेल्या दाण्यांवर पांघरुणासारखे पसरते. दाणा बारीक केल्याने पाण्याची क्षमता वाढत नाही. तेवढीच साखर लवकर आत जाते, इतकेच. जाहिरातीत एखादी बारीक साखर ‘जास्त विरघळते’ असे म्हटले असेल, तर ‘लवकर विरघळते’ असेच वाचावे.

उकळत्या चहात हे सारे मागे पडते. तिथे पाणी गरम असते, उकळीमुळे सतत ढवळले जाते आणि संपृक्ततेची मर्यादाही खूप वर गेलेली असते, त्यामुळे एम-३० असो वा एस-३०, चव आणि वेळ यांत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. गुलाबजामच्या किंवा चिरोट्यांच्या पाकासाठीही तेच. पाकात एकच पथ्य पाळायचे असते : पातेल्याच्या कडेला एकही दाणा न विरघळता राहू देऊ नये, कारण तो पाकात पडला की त्याच्याभोवती नवे स्फटिक जमतात आणि पाक साखरतो. बारीक दाण्याच्या साखरेत असा दाणा मागे राहण्याची शक्यता कमी असते, हा तिचा छोटासा फायदा.

आता पिठीसाखरेविषयी. हिशेबाप्रमाणे ती सर्वांत वेगवान असायला हवी, आणि कोरड्या पेल्यात आधी पिठीसाखर घालून, तिच्यावर थोडे पाणी ओतून, पेस्ट करून मग उरलेले पाणी घातले तर ती खरोखर तशी वागते. पण बहुतेक जण भरलेल्या पेल्यात वरून चमचाभर पिठीसाखर सोडतात. तिचा ढीग पाण्यावर क्षणभर तरंगतो, बाहेरचा थर भिजून चिकट पाक होतो आणि आत हवा व कोरडी पूड अडकते. एकदा अशी गुठळी बांधली गेली की पाण्याच्या दृष्टीने ती हजारो कणांची पूड राहत नाही, एक मोठा खडा होते. कागदावर मोजलेला साडेसात हजार चौरस सेंटिमीटरचा पृष्ठभाग प्रत्यक्षात पाण्याला मिळतच नाही. मग ती गुठळी चमच्याने पेल्याच्या भिंतीवर दाबून फोडावी लागते. पावसाळ्यात डब्यातच दमट होऊन खडे धरलेली पिठीसाखर तर याहून त्रासदायक.

पाकिटातल्या पिठीसाखरेची दुसरी अडचण म्हणजे तीत घातलेला स्टार्च. पूड मोकळी राहावी म्हणून अनेक उत्पादक तीत मक्याचा स्टार्च मिसळतात. केकवरच्या आयसिंगला किंवा नानकटाईला त्याचे काही वाटत नाही, पण स्टार्च गार पाण्यात विरघळत नाही. तो तरंगत राहून सरबत गढूळ करतो आणि पेला ठेवून दिला की तळाशी पांढरा गाळ बसतो. मी आणलेल्या पाकिटाच्या मागच्या बाजूला घटकांत स्टार्च स्पष्ट लिहिलेला होता, त्यामुळे उत्पादकाने काही लपवले असे म्हणता येणार नाही. मात्र पाकिटाच्या दर्शनी भागावर सरबताच्या पेल्याचे चित्र होते आणि ते मला योग्य वाटले नाही. सरबतासाठी पिठीसाखर घ्यायचीच असेल तर घटकांत फक्त साखर लिहिली आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

याच कारणांसाठी मी घरी केलेल्या बारीक साखरेला पहिला क्रमांक देतो. एस-३० साखर मिक्सरच्या कोरड्या भांड्यात थांबत-थांबत, अगदी थोडा वेळ फिरवावी, वस्त्रगाळ पूड होऊ देऊ नये. नंतर ती रव्याच्या चाळणीने चाळून वरचा जाड भाग पुन्हा फिरवावा. हाताला बारीक रव्यासारखी लागणारी, पण पीठ न झालेली ही साखर पाण्यात पडली की दाणे सुटे राहतात, गुठळी बांधत नाहीत आणि पृष्ठभाग एस-३० च्या सुमारे दुप्पट मिळतो. तीत स्टार्च नसतो. ती आठवड्याला लागेल तेवढीच करून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. दाणा जितका बारीक, तितका तो हवेतली ओल लवकर धरतो, आणि कोकणपट्टीत किंवा मुंबईत पावसाळ्यात हे अधिकच जाणवते. मोठ्या शहरांतल्या बेकरी-साहित्याच्या दुकानांत अशाच दाण्याची साखर कॅस्टर शुगर या नावाने मिळते. ती चांगली असते, पण घरी तेच काम होत असताना तिची किंमत मला पटत नाही.

श्रीखंडाच्या बाबतीत दाण्याचा प्रश्न सरबतापेक्षा नाजूक आहे. चक्क्यातले बरेचसे पाणी आधीच निथळून गेलेले असते, ढवळणेही पातळ पाण्यासारखे होत नाही, त्यामुळे साखरेला विरघळायला जागा आणि हालचाल दोन्ही कमी मिळतात. एम-३० घालून लगेच वाढलेले श्रीखंड दाताखाली कचकचते. साखर घालून चक्का काही तास मुरू द्यायचा आणि मग पुरणयंत्रातून काढायचा, ही जुनी पद्धत म्हणूनच शहाणपणाची आहे, कारण तेवढ्या वेळात दाणेदार साखरही चक्क्यातले पाणी घेऊन विरघळते. वेळ नसेल तर घरची बारीक साखर वापरावी. पाकिटातली स्टार्चयुक्त पिठीसाखर इथे पाण्यात दिसते तशी गढूळ दिसत नाही, पण जिभेवर किंचित पिठूळपणा ठेवते, आणि चांगल्या चक्क्याला तो लागू नये असे मला मनापासून वाटते.

खडीसाखरेला या परीक्षेत शेवटचा क्रमांक दिला, तर तिच्यावर अन्याय होईल. ती हळू विरघळावी याचसाठी ती मोठी वाढवलेली असते. प्रसादात, बडीशेपेबरोबर, किंवा घसा कोरडा पडला असता तोंडात ठेवायला खडा टिकणे हाच तिचा गुण आहे आणि दुकानातली दोऱ्याची खडीसाखर त्या कामात उत्तम उतरली. पाण्यात घालायचीच असेल तर ती तळाशी टाकू नये. मलमलीच्या पुरचुंडीत बांधून भांड्याच्या वरच्या भागात लटकवावी. खड्याभोवती तयार होणारे जड द्रावण आपोआप खाली उतरते, त्याच्या जागी वरचे कमी गोड पाणी येते आणि कोणी न ढवळताही काम पुढे सरकत राहते. खलबत्त्यात कुटून घातली तर अर्थातच लवकर विरघळते, पण मग खडीसाखरेचे पैसे देण्यात काय मिळवले, हा प्रश्न उरतो.

चमच्याने मोजणाऱ्यांसाठी एक सूचना गंभीरपणे करावीशी वाटते. दाणा बदलला की चमच्यातले वजनही बदलते. एक कप दाणेदार साखर सुमारे २०० ग्रॅम भरते, तर तेवढ्याच कपात सैल भरलेली पिठीसाखर सुमारे १२० ग्रॅमच मावते, कारण बारीक पुडीच्या कणांत हवा अधिक अडकते. सरबतात त्याने केवळ गोडी कमी-जास्त होईल. जुलाब झालेल्या मुलासाठी घरी जलसंजीवनी करताना मात्र हे लक्षात ठेवलेच पाहिजे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ हे प्रमाण दाणेदार साखर व बारीक मीठ धरून सांगितलेले असते. तिथे लवकर विरघळते म्हणून पिठीसाखर वापरू नये, साधी दाणेदार साखर घेऊन शांतपणे पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. आणि खडे मीठ चमच्याने मोजू नये.

मिठाचाही नियम तोच आहे, फक्त एक फरक आहे. मिठाची विद्राव्यता तापमानाने फारशी बदलत नाही. १०० ग्रॅम पाण्यात ते वीस अंशांना सुमारे ३६ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात सुमारे ३९ ग्रॅम विरघळते. म्हणून लोणच्यासाठी खडे मिठाचे पाणी करताना पाणी तापवून वेळ वाचतो, पण पाण्यात फार जास्त मीठ जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. मठ्ठा किंवा ताकात वरून मीठ घालायचे असेल तर बारीकच बरे. गुळाचेही असेच : पन्ह्यासाठी ढेपेचा तुकडा पाण्यात टाकून वाट पाहण्यापेक्षा गूळ विळीवर बारीक चिरून घालावा, म्हणजे निम्मे काम चिरतानाच झालेले असते. गाळून मात्र घ्यावा, कारण गुळातला न विरघळणारा भाग कितीही बारीक केला तरी विरघळत नाही.

दुकानदारांकडे आणि पाकिटबंद साखर विकणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे. पन्नास किलोच्या पोत्यावर प्रत छापलेली असते, पण तीच साखर किलोच्या पाकिटात भरली गेली की अनेकदा एस की एम हा उल्लेख गळून जातो आणि त्या जागी शुभ्रतेची विशेषणे येतात. पाकिटावर दाण्याची प्रत ठळक छापली, तर ग्राहक आपल्या कामाप्रमाणे निवड करू शकेल. तोपर्यंत सुटी साखर देणाऱ्या, पोते दाखवणाऱ्या दुकानातूनच घ्यावी असे मी सुचवीन : रोजच्या चहासाठी आणि पाकासाठी जी स्वस्त मिळेल ती, आणि चैत्र ते ज्येष्ठ या महिन्यांत सरबतांसाठी वेगळी दोन किलो एस-३०, त्यातली थोडी-थोडी फिरवून आणि चाळून.